जानेवारीतले पिच्चर



मी काही सिनेमाचा जाणकार नाही. शिरड शहापूरला माझं खतबियाण्यांचं दुकान आहे. रब्बीची खतं उचलून झाली की जानेवारीत गिऱ्हाइकी जरा मंदावते आणि आम्ही मित्र पिच्चरला निघतो. निघायचं म्हणजे वसमतवरून नांदेड. जाण्यायेण्यात अर्धा दिवस मोडतो. त्यामुळे आमचं परीक्षण एकाच प्रश्नावर चालतं : एवढ्या लांब गेलो, पैसे वसूल झाले का?

2025 च्या जानेवारीत मराठी सिनेमांची रांगच लागली. पहिल्याच तारखेला परेश मोकाशींचा 'मु. पो. बोंबिलवाडी' आला. त्यांच्याच नाटकावरचा. साल 1942, एक छोटंसं गाव, नाटकवेडी माणसं आणि थेट हिटलरपर्यंत पोचलेला गोंधळ. प्रशांत दामले हिटलर झालेत. ते नुसते उभे राहिले तरी हसू येतं. पण रंगमंचावर विंगेतून माणसं धडाधड येतात, तेव्हा प्रेक्षकाला श्वास घ्यायला फुरसत नसते. पडद्यावर ती फुरसत मिळते, आणि तिथंच विनोद गार होतो. मोकाशींचा 'वाळवी' आठवा, 2023 च्या संक्रांतीच्या सुमाराचा. तो पडद्यासाठीच रचलेला होता. मला विचाराल तर तोच सरस.

10 तारखेला 'संगीत मानापमान'. खाडिलकरांचं 1911 चं नाटक. दिग्दर्शक सुबोध भावे, नायक धैर्यधरही तेच, संगीत शंकर-एहसान-लॉय यांचं. महाल, पोशाख झकास. सुमीत राघवन यांचा चंद्रविलासही आवडला. तरी 2015 चा 'कट्यार काळजात घुसली' मनातून जात नाही. 'कट्यार'मध्ये भांडणच गाण्यावरून होतं, म्हणून गाणं आलं की गोष्ट पुढे सरकायची. इथं गाणं सुरू झालं की गोष्ट बाजूला उभी राहते.

त्याच शुक्रवारी राम चरणचा 'गेम चेंजर' आला. संक्रांतीला मोठा पिच्चर लावायची तेलुगू लोकांची जुनी रीत. तेलंगण आमच्यापासून दूर नाही, आणि टीव्हीवर हिंदीत बोलणारे तेलुगू हिरो आमच्या पोरांना पाव्हण्यांपेक्षा ओळखीचे. मी धैर्यधराकडे, माझा मुलगा राम चरणकडे, अशी एकाच मोटारसायकलवर गेलेल्या घराची फाटाफूट झाली.

खरा आवडला तो 24 तारखेचा हेमंत ढोमे यांचा 'फसक्लास दाभाडे'. अमेय वाघ, क्षिती जोग, सिद्धार्थ चांदेकर ही तिघं भावंडं. लग्नघर, आरडाओरडा, एकमेकांची उणीदुणी, आणि ज्याचं दुखतंय तो नेमका काही बोलत नाही. आता त्यातलं हळदीचं गाणं बघून आम्हाला गंमत वाटली, ते सोडा. आमचा मुलूख हळदीचा. इथं हळद काढायची, शिजवायची, वाळवायची म्हटलं की माणसाची कंबर मोडते, नाचतो कोण? पण भावंडांचं भांडण मात्र अस्सल. शेजारी बसलेला माझा मित्र धुऱ्याच्या वादापासून थोरल्या भावाशी बोलत नाही. मध्यंतरात समोसा हातात तसाच धरून तो गप्प बसला होता. उठता उठता म्हणाला, "आमच्या थोरल्याला बी दाखवाय पायजे हे."

त्याच्या भावाला न्यायचं म्हणून पुढच्या शुक्रवारी चौकशी केली, तर एकच खेळ उरला होता, तोही सकाळी नऊचा. शिरड शहापूरहून नऊला नांदेडात पोचायचं तर धारा काढायच्या आधीच घर सोडावं लागतं. मित्राचा भाऊ काही आला नाही.

मराठी सिनेमा चालत नाही म्हणतात, त्यातलं निम्मं दुखणं या अडचणीच्या वेळांचं आहे. मल्टिप्लेक्सनी दुपारी 12 ते रात्री 9 या वेळेत मराठी सिनेमाला जागा द्यावी, असं 2015 मध्येच ठरलं होतं. आम्हा खेड्यातल्या माणसांना दुपारचाच खेळ सोयीचा. रात्रीचा सुटल्यावर परतीची एसटी नसते. 'जिलबी' आणि 'इलू इलू 1998' याच वेळेच्या घोळात माझे राहून गेले.

मग 14 फेब्रुवारीला 'छावा' आला. हिंदीत आहे, पण गोष्ट शंभूराजांची, शिवाजी सावंतांच्या कादंबरीवरची, दिग्दर्शक लक्ष्मण उतेकर. त्याला खेळ कमी पडतील अशी भीती नव्हती. त्यातल्या शंभूराजांच्या लेझीमच्या दृश्यावरून आधीच वाद झाला आणि ते वगळायचं ठरलं. मी म्हणत होतो, आधी बघू द्या, मग भांडू.

थिएटरवाल्यांना एवढीच विनंती : दुसऱ्या आठवड्यात मराठीचा एक तरी खेळ दुपारी तीनच्या आसपास ठेवा. आणि श्रोतेहो, मराठी सिनेमा बघायचा मनात असेल, तर पहिल्या रविवारीच निघा. पुढच्या आठवड्यावर ढकलू नका, तो तुमच्यासाठी थांबत नाही.