घरखर्चाचे परिमाण



सुवर्णमहोत्सवाच्या या मंगल प्रसंगी घरखर्चासारखा साधा विषय मांडण्याची आज्ञा मला झाली. मी अर्थतज्ज्ञ नाही. मशीद बंदरचा घाऊक धान्यबाजार नवी मुंबईत आला, त्याच्यासोबत वाशीला आलेल्या एका व्यापारी कुटुंबातील मी गृहिणी आहे. आमच्या दुकानात पै-पैचा हिशेब असे. घराचे अंदाजपत्रक मात्र मी तीन वेळा केले आणि तिन्ही वेळा ते दोन-तीन महिन्यांत मोडले. एकदा तर मुलीच्या शाळेच्या शुल्कासाठी ठेवलेली रक्कम नात्यातील लग्नाच्या आहेरात संपली आणि ती गोष्ट मी पंधरा दिवस घरात लपवून ठेवली. पैसे गेल्याच्या दुःखापेक्षा त्या लपवण्याचा भार अधिक होता.

मार्ग सापडला तो आपल्याच परिग्रह-परिमाण व्रतात. उपासकदशांग या सातव्या अंगात वाणिज्यग्रामच्या आनंद श्रावकाची कथा आहे. त्याच्या 12 कोटी सुवर्णमुद्रांचे तीन समान भाग होते: 4 कोटी निधीत, 4 कोटी व्यापारात आणि 4 कोटी घरसंसारात. भगवान महावीरांसमोर व्रत घेताना त्याने आहे तेवढ्यावरच मर्यादा आखली. त्यापेक्षा कमीचा आव आणला नाही. पण आखली ती इतकी नेमकी, की दातवणाला ओले ज्येष्ठमध आणि स्नानाला आठ घडे पाणी इथपर्यंत त्याने परिमाण सांगितले.

माझी चूक येथेच उमगली. मी वहीत खर्च किती ‘असावा’ ते लिहीत होते. किती ‘होतो’ ते मला ठाऊकच नव्हते. म्हणून पहिले तीन महिने काहीही न कापता केवळ नोंद करावी. 2016 साली यूपीआय आल्यापासून पैसा हातातून जाताना दिसतही नाही. तेव्हा रोज रात्री मोबाइलवरील व्यवहार वहीत उतरवावेत. व्यापारी घराचे उत्पन्न कमी-जास्त होते. त्यांनी गेल्या वर्षातील सर्वांत कमी मिळकतीचा महिना आधार धरावा. चांगल्या महिन्यातील शिल्लक आनंद श्रावकाप्रमाणे प्रथम निधीत टाकावी.

दुसरी गोष्ट, वर्षातून एकदा येणाऱ्या खर्चांची. समजा, वर्षाचे धान्य व मसाले 24,000, शाळेचे शुल्क 60,000, विमा 24,000 आणि तीर्थयात्रा, सण व आहेर मिळून 36,000 रुपये लागतात. एकूण 1,44,000 झाले. याला 12 ने भागले की दरमहा 12,000 रुपये येतात. ही रक्कम महिन्याच्या आरंभीच वेगळ्या खात्यात ठेवावी. जूनमधील शुल्क आणि लग्नसराईतील आहेर यांना आपण अचानक आलेले खर्च म्हणतो. वस्तुतः ते दरवर्षी येतात.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. तत्त्वार्थसूत्राने या व्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत: क्षेत्र-वास्तू, हिरण्य-सुवर्ण, धन-धान्य, दासी-दास आणि कुप्य, म्हणजे वस्त्र-भांडी आदी वस्तू, यांची मर्यादा ओलांडणे. मनुष्य कोठे ढळेल हे आचार्यांनी आधीच सांगून ठेवले, आणि ढळल्यावर परतण्यासाठी प्रतिक्रमण दिले. आपल्या अंदाजपत्रकात ही सोय नसते. एक मर्यादा मोडली, की आपण संपूर्ण संकल्पच सोडून देतो.

म्हणून महिन्याच्या अखेरीस पती-पत्नीने, मुले जाणती असतील तर त्यांनाही घेऊन, अर्धा तास बसावे. ‘खर्च कोणी केला?’ असे न विचारता ‘मर्यादा कोठे ओलांडली?’ असे विचारावे. एखाद्या खात्याची मर्यादा सलग तीन महिने ओलांडली जात असेल, तर आकडाच चुकीचा आहे. तो वाढवावा आणि तेवढी रक्कम दुसरीकडून कमी करावी. प्रत्येकाला थोडी रक्कम अशीही द्यावी, की जिचा हिशेब कोणी मागणार नाही. त्यामुळे लपवण्याचे कारणच उरत नाही.

त्या आहेराची गोष्ट अखेर मी यजमानांना सांगितली. रागावतील असे वाटले होते. ते एवढेच म्हणाले, “दुकानात तूट आली तर आपण ती वहीत मांडतो, वही फाडून टाकत नाही.” दुसऱ्या दिवशी ती रक्कम मी वहीत लिहिली आणि सहा महिन्यांत थोडी थोडी करून भरून काढली. आमच्या घरचे टिकलेले पहिले अंदाजपत्रक तेथून सुरू झाले.

बोलण्यात काही न्यून राहिले असल्यास क्षमा असावी. जय जिनेंद्र!