फोर्टमधील पायी फेरी
(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषणाचा मजकूर)



मोर्चासाठी मुंबईत आलेला खानदेशातील किंवा वऱ्हाडातील कार्यकर्ता आझाद मैदानावरची सभा आटोपली की बहुधा तेथेच पंचा पसरून आडवा होतो आणि रात्रीच्या गाडीची वाट पाहतो. हाती तीन-चार तास असतात. मुंबई पाहावी असे मनातही असते. परंतु शहर पाहणे म्हणजे टॅक्सीचे भाडे आणि उपाहारगृहाचे बिल, असा समज असल्यामुळे तो उठत नाही. वस्तुतः त्या मैदानापासून मैलभराच्या टापूत जी मुंबई उभी आहे तिचा बराच मोठा हिस्सा त्याच्या खापरपणजोबाच्या कापसावर उभा राहिला आहे, आणि तो पाहावयास चपलांखेरीज काही लागत नाही.

फेरीचा आरंभ हॉर्निमन सर्कलपासून करावा. जालियनवाला बागेतील हत्याकांडाची हकीगत छापली म्हणून ज्या इंग्रज संपादकाला सरकारने १९१९ साली हद्दपार केले, त्या बेंजामिन हॉर्निमनचे नाव स्वातंत्र्यानंतर या जागेला मिळाले. पूर्वीचे नाव एल्फिन्स्टन सर्कल, आणि त्याही आधी हे नुसते मोकळे मैदान होते. त्या मैदानावर कापसाच्या गासड्यांचे ढीग रचलेले असत. पुढे १८४४ साली कापसाचा बाजार कुलाब्याला हलविण्यात आला. समोर रुंद पायऱ्यांचा टाऊन हॉल दिसतो, तो १८३३ साली पुरा झाला. त्याच्या आसपासच्या वडाखाली दलाल जमत व तेथेच सौदे करीत. आजचा शेअरबाजार हे त्या वडाचेच फळ होय.

टाऊन हॉलच्या शेजारी टांकसाळ आहे. तेथील आणि सरकारी गोदीतील तरुण कारागिरांनी १८४७ साली आपल्यापुरती एक ज्ञानसंस्था काढली. काळा घोडा येथे जे डेव्हिड ससून वाचनालय आहे त्याचे मूळ हेच. इमारत १८७० साली पुरी झाली, ससूनने ६०,००० रुपये दिले आणि नाव त्याचे लागले. त्याच्या पेढीच्या वैभवात चीनला जाणाऱ्या अफूचा वाटा मोठा होता. देणगी घेऊ नये असे कोणी म्हणणार नाही. पण हत्यारे हाती धरणाऱ्या ज्या मुलांना प्रथम पुस्तकाची भूक लागली त्यांची आठवण किती वाचकांना असते?

सर्कलपासून पश्चिमेला चालत गेले की पाच-सात मिनिटांत हुतात्मा चौक येतो. तेथे उभे राहून नैर्ऋत्येकडे नजर टाकली तर विद्यापीठाचा राजाबाई मनोरा उंच उठलेला दिसतो. उंची २८० फूट. हा मनोरा म्हणजे अर्थशास्त्राचा एक संपूर्ण धडाच आहे. अमेरिकेत १८६१ साली यादवी युद्ध पेटले, उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे कोंडली आणि लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला. त्यांची नजर खानदेश, वऱ्हाड, गुजरात, धारवाड या मुलखांकडे वळली. भाव भडकले, मुंबईच्या पेढ्यांत पैशाचा पूर आला. समुद्र बुजवून जमीन करावयाच्या कंपन्या निघाल्या व त्यांच्या शेअरांवर सट्टा चालू झाला. या सट्ट्याचे सम्राट प्रेमचंद रायचंद यांनी त्या भरतीच्या दिवसांत विद्यापीठाला देणगी दिली आणि मनोऱ्याला मातोश्रींचे नाव लागले. १८६५ च्या वसंतात युद्ध संपले, भाव कोसळले. १ जुलै १८६५ हा सौदे पुरे करावयाचा दिवस उजाडला तेव्हा पुष्कळ पेढ्यांकडे द्यावयास काही उरले नव्हते. प्रेमचंदांचेही दिवाळे निघाले, आणि पुढे बँक ऑफ बॉम्बेही बुडाली. दिनशा वाच्छांनी हा सारा प्रकार एका पुस्तकात नोंदवून ठेवला आहे. मनोरा मात्र १८७८ साली डौलाने पुरा झाला.

शहराची कहाणी येथे संपते. शेतकऱ्याची संपत नाही. तेजीच्या काळात सावकाराने हात सैल सोडून कर्ज दिले होते. मंदी येताच तो आखडला, आणि जमीन महसूल तर वाढलेलाच होता. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे गावी शेतकरी उठले आणि सावकारांची खतपत्रे त्यांनी जाळली. कापसाच्या मंदीला या उठावात किती महत्त्व द्यावे याविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत, आणि पुणे-नगर हा काही मुख्यतः कापसाचा मुलूख नव्हे. परंतु पतपुरवठ्याचा फुगा मुंबईत फुटल्यावर त्याचा धक्का खेड्यापर्यंत पोहोचला हे नाकारणे कठीण आहे. त्याच साली मुंबईच्या दलालांनी आपली रीतसर संघटना स्थापन केली. बाजार सावरला तो असा.

या चौकातील कारंजे १८६४ चे, म्हणजे ऐन भरतीतले. त्याच्या शेजारी हाती मशाल घेतलेला शेतकरी आणि कामगार उभे आहेत. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी या भागात गोळीबार झाला. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात शंभराहून अधिक माणसे कामी आली. संपूर्ण फोर्टमध्ये श्रमिकाला मानाने चौथऱ्यावर उभे केलेले दिसते ते येथे, आणि तेही सरकारच्या किंवा शेठजीच्या कृपेने नव्हे.

येथून उत्तरेकडे दादाभाई नौरोजी मार्ग धरावा. घाईने चालू नये. रस्त्याच्या कडेच्या इमारतींच्या तळमजल्यांना ओळीने कमानी आहेत आणि त्यांच्या आतून चालण्याची वाट आहे. वर कोणत्याही घाटाची इमारत बांधा, पण खाली पादचाऱ्यासाठी कमानीची वाट सोडलीच पाहिजे, असा नियम एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सरकारने येथे घातला होता. राज्य परकीय, मालक धनाढ्य. तरीही मालमत्तेवर सार्वजनिक अट घालता आली आणि ती पाळली गेली. ऊन असो की आषाढातला पाऊस, हमालापासून बॅरिस्टरापर्यंत कोणीही या वाटेने कोरडा जाई. आज गगनचुंबी इमारतींना वाढीव चटईक्षेत्र बहाल करताना अशी एखादी अट घालावयाची म्हटली की विकासाला खीळ बसते अशी ओरड होते.

या कमानींतील फेरीवाल्यांबद्दल वारसाप्रेमी मंडळी नाक मुरडतात. १९८५ साली पदपथावर राहणाऱ्यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला, जरी रीतसर सूचना देऊन त्यांना हटविण्याची मुभाही पालिकेला दिली. २०१४ साली फेरीवाल्यांसाठी कायदा झाला, नगर समित्यांत त्यांना निदान ४० टक्के जागा देण्याची तरतूद झाली. मुंबईत अंमलबजावणी रेंगाळली. पादचाऱ्याची अडचण खरी आहे, ती उडवून लावता येणार नाही. मात्र रस्त्याच्या दोन्ही कडा उभ्या मोटारींनी अडविलेल्या असतात, त्यांच्याविषयी हीच मंडळी मौन का पाळतात?

मार्गाच्या टोकाला मुंबईचे ते भव्य स्थानक. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली. आजची वास्तू त्यानंतर साडेतीन दशकांनी झाली. आराखडा स्टीव्हन्सचा, हे प्रत्येक माहितीपुस्तकात असते. या शहराच्या इमारतींचे दगड ज्यांनी डोक्यावरून वाहिले त्यांत तेलुगु मुलखातून आलेले कामाठी पुष्कळ होते. त्यांचे नाव कामाठीपुऱ्याला तेवढे उरले, आणि त्या वस्तीचे नाव घेताना लोक आवाज खाली आणतात.

गाडीला वेळ असेल तर आणखी थोडे उत्तरेला जावे. १८६९ ची मंडई लागते. पहिले म्युनिसिपल कमिशनर आर्थर क्रॉफर्ड यांचे नाव तिला दिले होते. हेच गृहस्थ पुढे १८८८ साली लाचलुचपतीच्या प्रकरणात गाजले. आता तिला महात्मा जोतीराव फुल्यांचे नाव आहे. प्रवेशद्वारावर लॉकवुड किपलिंग यांनी आखलेली शिल्पे आहेत. त्यांत शेतकरी आहेत, धष्टपुष्ट आणि समाधानी. ती कोरली गेल्यानंतर काही वर्षांनी, १८८३ साली, फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहून पुरा केला, आणि त्यातला शेतकरी असा मुळीच नाही. त्याच दारातून आत-बाहेर करणारा हमाल डोक्यावरच्या पाटीमुळे मान वर करू शकत नाही. शिल्पे पाहावयाची झाली तर त्याला आधी ओझे उतरवावे लागेल.