तुरुंगाच्या फाटकापाशी
(आभारप्रदर्शनाच्या उपासनेनंतर मंडळीपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



मत्तयाच्या शुभवर्तमानाचा 25वा अध्याय आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. त्यातली एक गोष्ट मला फार उशिरा दिसली. भुकेल्याला अन्न आणि उघड्याला वस्त्र द्यायला प्रभू सांगतो. पण बंदिवानाला सोडवून आणा, असे तो म्हणत नाही. त्याच्याकडे जा, एवढेच त्याला हवे आहे. म्हणजे हे काम आपल्यातल्या सर्वांत गरीब माणसालाही जमण्यासारखे आहे. तरी ते जड जाते. मलाही गेले.

सहा वर्षांपूर्वी मी पहिल्यांदा कारागृहात गेलो. अधीक्षकांची परवानगी, फाटकावर झडती, मोबाईल बाहेर. संदेश चांगला तयार करून नेला होता. तो संपल्यावर सातपुड्यातला एक तरुण जवळ आला. घरी पावरी बोलणारा, मराठी जेमतेम. त्याने प्रार्थना मागितली नाही. म्हणाला, "पास्टरसाहेब, मी जिवंत आहे एवढं माझ्या आईला सांगाल का?"

त्याला आत येऊन अकरा महिने झाले होते. आम्ही पाडा शोधत गेलो. पोलिसांनी मुलाला नेले, हे आईला ठाऊक होते. कोणत्या गावी ठेवले, ते नाही. भेटीला पैसे भरावे लागतात, असे तिला कोणीतरी सांगितले होते. खरे तर मुलाखतीला पैसे लागत नाहीत, ओळखपत्र लागते. आम्ही तिला घेऊन गेलो. जाळीच्या अलीकडे ती, पलीकडे तो. बराच वेळ दोघे नुसते रडले. मग त्याने विचारले, "बैल आहेत ना?" ती म्हणाली, "विकले." वकिलासाठी विकले होते, आणि तो वकील पैसे घेऊन पुन्हा फिरकला नव्हता.

त्या दिवशी माझ्या लक्षात आले की नुसता संदेश देऊन परतणे पुरेसे नाही. आपल्या देशातल्या तुरुंगांत दर चार कैद्यांमागे साधारण तिघे कच्चे कैदी आहेत. त्यांचा खटला अजून संपलेला नाही. विधी सेवा प्राधिकरण कायदा 1987 चा आहे. त्यानुसार अनुसूचित जमातीच्या माणसाला आणि कोठडीतल्या कोणालाही, उत्पन्न कितीही असो, सरकारी खर्चाने वकील मिळू शकतो. शिवाय 2024 पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेत अशी तरतूद आहे की, पूर्वी कोणत्याही गुन्ह्यात दोषी न ठरलेल्या कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेच्या एक-तृतीयांश काळ आत काढला असेल, तर त्याला जामिनावर सोडावे. फाशी वा जन्मठेपेच्या गुन्ह्यांना ती लागू नाही, आणि एकाहून अधिक खटले असले तरी अडचण येते. पण ज्याला ती लागू आहे, त्या पाड्यावरच्या माणसाला हे सांगणार कोण? आम्ही जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज लिहून दिला, एवढेच. चार महिन्यांनी तो जामिनावर सुटला. खटला चालू आहे. तो दोषी की निर्दोष, ते न्यायालय ठरवील. आम्हाला तो प्रश्न प्रभूने विचारलेलाच नाही.

आता माझी एक चूक सांगतो. निरीक्षणगृहात पंधरा वर्षांचा एक मुलगा होता. मोटारसायकल चोरीच्या प्रकरणात आलेला. आश्रमशाळा सोडलेली, घरी बाप दारूत. तो आमच्याशी तीन भेटी बोललाच नाही. चौथ्या वेळी त्याने कॅरम मांडला आणि विचारले, "पुढच्या शनिवारी येणार ना?" मी "नक्की" म्हणालो. त्या शनिवारी मला एका लग्नाला जावे लागले. त्यानंतर गेलो तेव्हा त्याने मान वर केली नाही. फक्त म्हणाला, "तुम्हीपण." तो एक शब्द मी अजून विसरलेलो नाही. तेव्हापासून आमच्या गटात नियम आहे: जमेल तेवढेच कबूल करायचे, आणि कबूल केले की जायचे.

आणि सर्वांत कठीण गोष्ट तुरुंगाबाहेरची. आपल्याच मंडळीतल्या एका भगिनीचा नवरा आत गेला. ती उपासनेला मागच्या बाकावर बसू लागली, मग येईनाशी झाली. तिला कोणी हाकलले नाही. आपण फक्त सलाम करायचे थांबलो. तिच्या मुलांना शाळेत काय ऐकावे लागत होते, हे आपण विचारले नाही. मीही नाही.

पौल रोममध्ये बंदीत असताना पुष्कळांनी पाठ फिरवली. अनेसिफर नावाचा एक माणूस मात्र त्याला शोधत शोधत आला. बेड्या पाहून तो लाजला नाही. त्याने प्रवचन केल्याची नोंद नाही. तो आला, त्याने वारंवार धीर दिला, अशी नोंद आहे. आणि पौल त्याच्या घराण्यासाठी दया मागतो.

म्हणून आज पैशाआधी मी तुमच्याकडे तीन गोष्टी मागतो. महिन्यातला एक दिवस. पाड्यावरून भेटीला येणाऱ्या एका आईला सोबत, तिची भाषा येत असेल तर उत्तमच. आणि येत्या रविवारी त्या भगिनीच्या घरी चहाला जाण्याचे धैर्य. तिचे घर चर्चपासून दहा मिनिटांवर आहे. तिथे जायला कोणाची परवानगी लागत नाही, फाटकावर झडतीही होत नाही.

प्रभू आपल्याला ती दहा मिनिटांची वाट चालवो. आमेन.