कुळाचा हक्क आणि कुळाचे कर्तव्य
(महोत्सवी सभेत केलेले भाषण)



आनंदाच्या प्रसंगी जमिनीच्या कागदांविषयी बोलणे काहींना रुक्ष वाटेल. परंतु वाळवंटीच्या एका तीरावर साखळीचा बाजार आणि दुसऱ्या तीरावर आपले कारापूर. येथे कागद आणि नांगर यांची फारकत झाली की शेत पडीक राहते, हे आपण सर्वच पाहतो.

1961 साली गोवा मुक्त झाला. भाऊसाहेब बांदोडकर स्वतः खाणमालक. तरीही त्यांच्या सरकारने 1964 साली कूळ कायदा करून कसणाऱ्याला संरक्षण दिले. शशिकलाताई काकोडकरांच्या कारकिर्दीत, 1976 च्या दुरुस्तीने, कूळ हाच शेताचा मालक ठरला. मात्र हा हक्क पदरात पाडून घेण्यासाठी मामलेदाराकडून किंमत ठरवून घेऊन खरेदीचा दाखला मिळवावा लागतो. कित्येक घरांत तेवढेच राहून गेले. एक-चौदाच्या उताऱ्यावर अजून आजोबांचे नाव आहे. वारस मुलगे पणजी-मुंबईस, मुली सासरी. आपल्या नागरी कायद्याने सर्वांचा वाटा सारखा. मग कृषी कार्ड कोणी काढावे, अनुदान कोणी मागावे आणि मेर कोणी बांधावी? सर्वांचे शेत ते कोणाचेच नव्हे, अशी गत होते.

कायद्याने केवळ हक्कच दिला असे नाही. 1975 च्या नियमांनी बांध व मानशी राखण्याची सामूहिक जबाबदारी कुळांवर टाकली. धनी गेला, तेव्हा त्याची देखरेखही गेली. ती उचलण्यास आपण कमी पडलो, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे.

त्यात खाणीचा रोख पैसा आला आणि वायंगणाचा चिखल नकोसा झाला. 2012 साली खाणी थांबल्या, 2018 साली पुन्हा थांबल्या. तेव्हा ट्रकांचे हप्ते राहिले आणि शेताची आठवण झाली. आता काही खाणी पुन्हा चालू आहेत. पण दोनदा पोळलेल्याने तिसऱ्यांदा सावध असावे.

2023 च्या कायद्याने भातशेत बिगरशेतकऱ्याला देण्यास बंदी घातली, हे योग्यच झाले. परंतु कायदा शेत राखील. पिकवील ते आपले हात.

म्हणून ट्रस्टला माझी नम्र विनंती आहे. महोत्सवाच्या निधीतून एखादा जाणता कारकून नेमावा. दर रविवारी त्याने घरोघरचे उतारे तपासावेत, वारसनोंदी आणि खरेदीच्या दाखल्यांचे अर्ज लिहून द्यावेत. आणि प्रत्येक कुटुंबाने भावंडांपैकी एकाला शेत कसण्याची लेखी संमती द्यावी.

आजोबांनी घाम गाळला म्हणून त्यांचे नाव उताऱ्यावर चढले. त्याखाली आपले नाव लागावे, ते घाम गाळण्याच्या तयारीनेच, एवढे सांगून मी आपली रजा घेतो.