पाठीच्या कण्यातील दुर्मिळ गाठी : शस्त्रक्रियेपूर्वीचे आपले काम

(दासगाव येथील मेळाव्यात रुग्णालयाच्या प्रशासकांनी केलेले भाषण)



मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. कण्याच्या शस्त्रक्रियेविषयी मी बोलावे हे धाडसच होय. परंतु ही शस्त्रक्रिया वेळेवर होते की नाही, हे पुष्कळदा आमच्या कचेरीच्या खिडकीवर ठरते, म्हणून उभा आहे.

कण्यात आढळणाऱ्या बहुतेक गाठी शरीरातील अन्य ठिकाणच्या कर्करोगातून तेथे पोहोचलेल्या असतात. मूळ कण्यातच उद्भवणाऱ्या गाठी थोड्या. त्यांतील ‘कॉर्डोमा’ तर वर्षाकाठी दहा लाखांत सुमारे एकाला होणारी. गर्भावस्थेत कणा घडत असताना जो मृदू दांडा असतो, त्याच्या राहून गेलेल्या अवशेषांतून ती निर्माण होते. कवटीच्या तळाशी किंवा माकडहाडाच्या वरच्या त्रिकास्थीत ती अधिक आढळते. ती सावकाश वाढते, आणि तेथेच फसगत होते. भातलावणीत दिवस दिवस वाकणाऱ्या आपल्या माणसांची कंबरदुखी कोण मनावर घेणार?

ही गाठ तुकड्यातुकड्यांनी काढावयाची नसते. शक्य तेथे भोवतालच्या निरोगी भागासह अखंड काढावयाची असते. ती फुटली तर पेशी सांडतात व पुन्हा गाठ उद्भवण्याची भीती वाढते. म्हणून पहिली शस्त्रक्रिया हीच सर्वांत मोठी संधी. तपासणीसाठी सुईने तुकडा काढावयाचा झाला, तरी सुईचा मार्ग पुढे शस्त्रक्रिया करणाऱ्या पथकानेच ठरवावा, असे तज्ज्ञ सांगतात. त्रिकास्थीतील गाठ काढताना लघवी व शौचावर नियंत्रण ठेवणारे मज्जातंतूही कधी गमवावे लागतात. रुग्णाला हे आधी सांगणे कठीण, पण आवश्यक असते.

असे काम परळच्या, १९४१ साली सुरू झालेल्या टाटा मेमोरियलसारख्या संस्थेतच व्हावे. तिच्या खारघर येथील केंद्रात २०२३ पासून प्रोटॉन किरणोपचारही होऊ लागले आहेत. आपणही मोठे शस्त्रक्रियागृह बांधावे, असा काही देणगीदारांचा प्रेमळ आग्रह आहे. या आजारापुरते तरी माझे मत निराळे आहे.

२०२१ च्या पुरानंतरच्या हिवाळ्यात एक शेतकरी गृहस्थ आमच्याकडे आले. कंबरदुखी रात्री झोपू देत नव्हती. डॉक्टरांनी त्याच दिवशी एमआरआय लिहून दिला. सवलतीसाठी शिधापत्रिका हवी होती. ती पुरात भिजून गेलेली. “कागद पूर्ण करून या,” असे मीच त्यांना सांगितले. ते दीड महिन्याने आले, ते मुलाच्या खांद्यावर भार टाकून. नियमाने माझे चुकले नव्हते. पण २००५ ची दरड आणि २०२१ चा पूर सोसलेल्या या भागात कागद नसणे म्हणजे काय, हे मला कळावयास हवे होते.

तेव्हापासून डॉक्टरांनी ‘तातडीचा’ असा शेरा मारलेला एमआरआय आधी होतो, कागद मागाहून. शासकीय जन आरोग्य योजनेत बसणारी शस्त्रक्रिया तेथून होते. तपासणी, गाडीभाडे, मुंबईतील नातेवाइकांचा मुक्काम यांचा भार मात्र घरावर पडतो. आपल्या देणगीतील काही भाग याच खर्चासाठी राखून ठेवावा, अशी माझी विश्वस्तांना विनंती आहे. त्यावर कोणाच्या नावाची संगमरवरी पाटी लागणार नाही, हे मान्य.

आप्तजनांना एवढेच सांगतो : रात्री वाढणारे दुखणे, पायांतील अशक्तपणा, बैठकीच्या जागी बधिरता, लघवी अडणे, यांपैकी काही दिसल्यास मालीश करीत बसू नका. त्याच दिवशी या. शिधापत्रिका सापडली नाही तरी या.