पाठांतर, आठवण आणि वॉर्ड

संगमनेर, अकोले या प्रवराकाठच्या तालुक्यांत दहावीपर्यंत मराठीतून शिकलेली मुलगी परिचर्या महाविद्यालयात येते, तेव्हा शरीररचनाशास्त्र तिच्यापुढे इंग्रजीत उभे राहते. अर्थ पुरता लागण्याआधीच परीक्षा येऊन ठेपते आणि गाइडातील अपेक्षित प्रश्न घोकणे हाच अभ्यास होऊन बसतो. या सवयीला आळस म्हणणे अन्यायाचे आहे, कारण तास मोजले तर अशी विद्यार्थिनी बहुधा इतरांपेक्षा अधिकच बसते. पदवी घेणाऱ्या स्नातकांच्या गुणपत्रिकांचा अर्थ लावताना म्हणूनच तासांपेक्षा अभ्यासाची रीत पाहावी लागते.

या रीतीचा शोध जुना आहे. निरर्थक अक्षरसमूह स्वतः पाठ करून ते किती वेगाने विसरले जातात, हे एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्ये मांडले. पुढे २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिके यांनी अमेरिकेत विद्यार्थ्यांवर प्रयोग केले, त्यांत उतारा पुन्हापुन्हा वाचणारे पाच मिनिटांनंतरच्या चाचणीत सरस ठरले, परंतु आठवड्यानंतर पुस्तक मिटून तो आठवून लिहिणाऱ्यांनी त्यांना मागे टाकले. यालाच आठवणीचा सराव म्हणता येईल. पुन्हा वाचताना मजकूर ओळखीचा वाटतो आणि ती ओळखच ज्ञान समजली जाते. परीक्षेच्या आदल्या रात्रीचा आत्मविश्वास पुष्कळदा याच जातीचा असतो.

मात्र परीक्षा दुसऱ्याच दिवशी असेल, तर तोच आत्मविश्वास उत्तीर्णही करतो, ही गोष्ट उपदेशकांनी लपवू नये. नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या परीक्षेत लेखी आणि प्रात्यक्षिकात स्वतंत्रपणे ५० टक्के गुण लागतात. वॉर्डात असा उंबरठा नाही. भारतात इन्शुलिनच्या कुपीत एका मिलिलिटरला ४० किंवा १०० युनिट असतात आणि त्यानुसार सिरिंजही वेगळी, बहुधा अनुक्रमे लाल व नारिंगी टोपणाची, असते. १०० युनिटच्या कुपीतील औषध ४० च्या सिरिंजमध्ये २० च्या खुणेपर्यंत ओढले, तर अर्धा मिलिलिटर, म्हणजे २० ऐवजी ५० युनिट इन्शुलिन, रुग्णाच्या शरीरात जाते. हे गणित अपेक्षित प्रश्नांत आले नव्हते, असे त्या वेळी कोणाला सांगणार?

वॉर्डातील पोस्टिंग हा खरे तर आठवणीचाच सराव असतो, पण लॉगबुक सह्यांसाठी भरले गेले की तो केवळ हजेरीत मोडतो. उलट, सकाळी इंग्रजीत वाचलेले दुपारी रुग्णाच्या आईला मराठीत समजावणारी विद्यार्थिनी पुस्तक मिटलेलेच ठेवून बोलते. आणि ती माउली, ‘मग जेवण चुकलं तर सुई टोचायची का?’ असे विचारते, तेव्हा गाइडात नसलेला तो प्रश्न रात्री तिला पुन्हा पुस्तकाकडे पाठवतो.