सातबारा नसलेले धंदे

मला विषय दिलाय 'वैनगंगेकाठच्या गावांतले उद्योगधंदे', आणि मिनिटं दिलीत मोजून पाच. तेव्हा भंडाऱ्याचं पितळ, तुमसरचा तांदूळ, चिखला-डोंगरीचं मॅंगनीज, घरोघरच्या विड्या, हे सगळं तुम्हाला ठाऊक आहे असं धरतो. मी बोलणार आहे ते पाण्यातल्या आणि वाळूतल्या धंद्यांबद्दल. ज्या धंद्यांचा सातबारा कुठल्याच तलाठ्याकडे मिळत नाही, त्यांच्याबद्दल.

काठावरचं एखादं ढिवराचं, म्हणजे मासेमाराचं, घर घ्या. पूर आला की डोंगा हाकायचा. बाजाराची माणसं, लग्नाचं वऱ्हाड, बाळंतपणाला माहेरी निघालेली लेक, सगळे त्याच डोंग्यात. पैसा हाती पडेलच असं नाही. सुगीला पायलीभर धान घरी यायचं. त्याच पावसाळ्यात घरातला एक जण रानात ऐनाच्या झाडांवर कोसा रेशमाच्या अळ्या राखायचा. कावळ्यांनी अळ्या खाऊ नयेत म्हणून दिवसभर गोफण हातात. जुनी माणसं त्या दिवसांत मांसमच्छी सोडायची, पथ्य कडक. पाणी ओसरलं की जाळं टाकायचं: मरळ, शिंगाळा, झिंगे. आणि दिवाळीनंतर वाळू उघडी पडली की डांगराच्या वाड्या. वाळूत चर खणायचा, ओल लागेपर्यंत खाली जायचं, तळाशी शेणखत घालायचं, भोवती कुडाचा आडोसा. सारं बिऱ्हाड नदीच्या पात्रात. उन्हाळ्यात डांगरं, टरबुजं, काकड्या डोक्यावर घेऊन बाया बाजाराला.

एका घरात चार धंदे. आणि सरकारी फॉर्मवर 'व्यवसाय' या शब्दापुढे रकाना एक!

आपल्याकडची सुतळीची बाज आठवा. एकच सुतळी या पाटीवरून त्या पाटीवर जाते, पुन्हा फिरून येते. नदीकाठचा धंदा असा विणलेला होता. ढिवरानं कोसा काढला, तो आंधळगावच्या, मोहाडीच्या कोष्ट्याकडे गेला. कोसे राखेच्या पाण्यात उकळायचे, बायांनी मांडीवर वळून धागा काढायचा, मग तो मागावर चढायचा. पवनीची रेशीमकाठी धोतरं तर एके काळी लांबवर नावाजलेली. 1877 साली नागपुरात एम्प्रेस मिल सुरू झाली, पुढच्या काही वर्षांत रेल्वे आली, आणि ही सुतळी पहिल्यांदा ढिली झाली. पण बाज लगेच मोडत नाही हो. पायथ्याची दोरी ताणून घ्यायची, की चार दिवस निघतात. आठवडी बाजार ही ती ताणायची दोरी. ती होती तोवर कोष्टीही टिकला, ढिवरही टिकला.

मग वैनगंगेवर गोसीखुर्द धरण आलं. 22 एप्रिल 1988 ला राजीव गांधींच्या हस्ते भूमिपूजन झालं. धरण नको असं मी म्हणत नाही, शेताला पाणी हवंच. पण धरणाचं पाणी मागं चढून उभं राहिलं, तिथं वाळू उघडी पडायचीच थांबली. शेतकऱ्याची जमीन बुडाली, त्याच्या हाती सातबारा होता, भांडायला कागद होता. डांगरवाडी बुडाली तिचा कागद कुठला दाखवायचा? वाळू तर नदीची! पुन्हा सांगतो, कारण हे ऐकून न ऐकल्यासारखं होतं: जमीन गेली तर नोंद असते, वाळूतली वाडी गेली तर ती कधी होती हेसुद्धा सिद्ध करता येत नाही.

नागपूरकर श्रोत्यांनो, रागावू नका, थोडं तुम्हालाही. तुमच्या नाग नदीचं सांडपाणी कन्हानमध्ये येतं, कन्हान अंभोऱ्याजवळ वैनगंगेला मिळते, आणि तो सगळा मळ या थांबलेल्या पाण्यात येऊन बसतो. वर जलपर्णीची गादी. तिच्यात जाळं टाकून बघा एकदा. आता अंभोऱ्याला देखणा केबलचा पूल झालाय, रविवारी फोटो काढायला गर्दी असते. काढा खुशाल. पण तिथं डोंगा कोण हाकायचं, तेही विचारा.

पवनीबद्दल खरं तर वेगळं बोलायला हवं. जगन्नाथ टेकडीवर 1969-70 साली उत्खनन झालं, दोन हजार वर्षांहून जुना स्तूप निघाला. दान देणाऱ्यांची नावं दगडावर कोरलेली आहेत. एवढा दगड, एवढी माणसं, एवढं धान्य नदीपार आणणाऱ्याचं नाव मात्र... असो, काचेमागून घड्याळ दाखवतायत. रेतीच्या टिप्परांवर बोलायचं होतं, ते राहिलंच. आज नदीत तेजीतला धंदा तोच, आणि त्यात ढिवर कुठं आहे, बघून घ्या.

एकच काम सांगतो. 2002 च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत लोक जैवविविधता नोंदवही असायला हवी. नदीवर, जंगलावर पोट असणाऱ्यांची माहिती तिच्यात यावी अशी अपेक्षा आहे. काठावरच्या तरुणांनो, पुढच्या ग्रामसभेत ती वही मागा. डोंगा, डांगरवाडी, कोसा तिच्यात आहे का पाहा. नसेल तर गावातल्या म्हाताऱ्या ढिवराला शेजारी बसवा आणि ग्रामसेवकाकडून लिहून घ्या. वाडी कुठं होती, कोणत्या घाटावर डोंगा लागायचा, ठिकाणासकट लिहा.